तुम्ही विचारलंत म्हणून: सिम्युलेटर असताना कागद-पेन्सिल कशाला?

पालक विचारतात, विद्यार्थी विचारतात, आता तर तरुण सहकारीही विचारू लागलेत: सर, केमिकल प्रोसेस डिझाइन शिकवायला घेता आणि पोरांना महिनाभर हातानंच मटेरियल बॅलन्स, म्हणजे प्लँटमध्ये काय किती आलं आणि कुठे गेलं याचा हिशेब, का करायला लावता?

मी जुन्या वळणाचा आहे म्हणून नव्हे. सिम्युलेटर, म्हणजे हेच गणित करणारं सॉफ्टवेअर, तेही मीच शिकवतो. पण आधी १०० किलो उसाचा रस घ्या, १५ ब्रिक्सचा, म्हणजे ढोबळमानानं १५ टक्के साखरेचा. सिरप ६० ब्रिक्सचं हवं. साखर तेवढीच राहते, म्हणजे सिरप २५ किलो आणि उडवायचं पाणी ७५ किलो. एकाच भांड्यात आटवलं तर वाफही जवळपास तेवढीच लागते. चार भांडी ओळीनं लावून एकाची वाफ पुढच्याला दिली, तर साधारण पाव हिस्सा. हे स्वतःहून सापडलं की पोरांचे डोळे बदलतात. ते मला पाहायचं असतं.

पण खरं कारण हे नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका प्लँटमध्ये टोल्युइन हे द्रावक डिस्टिलेशननं, म्हणजे उकळून आणि वाफ थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरायची योजना आखली. प्रत्येक बॅचमध्ये त्यात अर्धा किलो दुसरं द्रव्य मिसळत होतं, टोल्युइनच्या आसपासच उकळणारं. माझ्या मटेरियल बॅलन्सच्या तक्त्यात ते नव्हतंच. दर फेरीला २ टक्के टोल्युइन काढून टाकलं असतं, तर ते दुसरं द्रव्य २५ किलोच्या पुढे गेलं नसतं. मी त्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. ते साठत गेलं.

रात्रपाळीचे ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, वास बदललाय." मी त्यांना तक्ता दाखवला.

मग मालाचे स्फटिकच धरेनात. एकामागून एक बॅच वाया गेल्या. मेमो काकांना मिळाला, डिस्टिलेशन नीट केलं नाही म्हणून. चौकशीला मी समोरच बसलो होतो. चूक कुठे आहे ते तोवर मला कळलं होतं. मी बोललो नाही.

गेल्या वर्षी हे वर्गात सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "पण सर, तो तक्ता तुम्ही हातानंच केला होता ना?"

हो, हातानंच. सिम्युलेटरला ते द्रव्य सांगितलं असतं, तर गणित जुळलंच नसतं आणि मी तिथेच थांबलो असतो. पण मी ते सांगितलं असतं का? तिला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. तुम्हालाही देऊ शकत नाही.

हल्ली रसाच्या गणितात थोडे चुन्याचे क्षारही घालतो. ते कुठे जातात? बहुतेक जण लिहितात, सिरपबरोबर. काही आटवायच्या भांड्यांतल्या नळ्यांवर बसतात, हे अजून कुणी लिहिलेलं नाही.