निळ्या हायड्रेंजियाचा नाद, नोंद ३ : काळी माती आंबट होईना

मंडळी, माती आंबट असली की हायड्रेंजियाची फुलं निळी येतात, पण माझ्या कुंडीतली अजून गुलाबीच. व्हिनेगरचं पाणी घातलं की दोन दिवसांत सामू (pH; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) पुन्हा जाग्यावर. म्हणून या वेळी कुंडी सोडली न् बरण्या घेतल्या.

शिरोळकडची काळी माती, राधानगरीकडची तांबडी आणि धुतलेली वाळू. प्रत्येकी २० ग्रॅम, वर ५० मिली पाणी. पहिला आठवडा वायाच गेला, कारण मी बोअरचं पाणी घेतलं होतं. आम्ल मातीपर्यंत पोचायच्या आत त्यातलं बायकार्बोनेटच ते खात होतं. मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणलं.

दहापट पातळ केलेलं व्हिनेगर, १० मिली. वाळूचा सामू ७ वरून धाडकन ३.६. तांबडी ५.८ वरून ४.९. काळी ८.१ वरून ७.४, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर ७.९! तळातल्या पांढऱ्या खड्यावर थेट व्हिनेगर टाकलं, तर सोड्यासारखा फसफसला. चुनखडी! ती असेपर्यंत आम्लाचं काही चालत नाही. शिवाय काळ्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट चिकणमाती कॅल्शियम धरून बसते आणि आम्लाचे हायड्रोजन आयन त्याच्या बदल्यात आत घेते. तांबडीत केओलिनाइट नावाची दुसरी चिकणमाती, तिची ही ताकद फार कमी. वाळूकडे तर काहीच नाही.

उलट बाजूला, म्हणजे सामू चढवायला, चुन्याची निवळी घातली. चुना सासऱ्यांच्या चंचीतला. "पान खायाला लागलीस काय गं?" म्हणाले. वाळू ११ च्या पार, तांबडी ७ वर. तांबडीत मूठभर मुरलेला पालापाचोळा मिसळला, तर तेवढ्याच निवळीला ६.४ वरच थांबली. कुजलेल्या पाल्यातली सेंद्रिय आम्लं अल्क झेलतात. काळी जेमतेम हलली.

गंधकाचा हिशेबही केला. १० किलो काळ्या मातीत १ टक्का चुनखडी धरली तरी ती १०० ग्रॅम. जिवाणूंनी गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल केलं, तर एवढी संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागेल, आणि सामू उतरायला सुरुवात त्यानंतर. कोण घालत बसणार!

तर रविवारी झाड काळीतून काढलं, मुळं धुतली, तांबडी आणि पालापाचोळ्यात लावलं. ॲल्युमिनियम तांबडीत भरपूर, सामू ५.५ च्या खाली ठेवला की ते विरघळून फुलापर्यंत पोचतं. पाणी गच्चीवर साठवलेलं पावसाचंच. बोअरच्या नळाला सध्या फडकं बांधून ठेवलंय, नाहीतर घरातलं कोणीतरी प्रेमानं घालायचं.