खाजवू नकोस, वाढेल!

डास चावतो तेव्हा कळत नाही. तो पोट भरून उडून गेला की मग मनगटावर गांध उठते आणि हात आपोआप तिकडे जातो. ‘खाजवू नकोस, वाढेल,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. म्हणणारा स्वतः पोटरी खाजवत असतो, ही गोष्ट वेगळी.

शिव्या डासाला पडतात, पण हा सगळा गोंधळ आपल्याच पेशींनी एकमेकींना निरोप धाडून घातलेला असतो. कातडीखाली, केशवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या टोकांच्या आसपास मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी दबा धरून असतात. आत हिस्टामिन नावाचं निरोप्या रसायन ठासून भरलेलं. त्यांच्या अंगावरच्या प्रतिपिंडांना डासाच्या लाळेतली प्रथिनं चिकटली, की काही मिनिटांतच त्या तो साठा बाहेर ओततात. केशवाहिनीच्या पेशी हिस्टामिन लागताच एकमेकींपासून जरा सरकतात, फटींतून पाणी झिरपतं, झाली गांध तयार! मज्जातंतू तोच निरोप मेंदूला पोचवतो आणि नखं कामाला लागतात.

मला खरी गंमत वाटते ती पुढेच. हिस्टामिनच्या रेणूवर ‘खाज’ असं काही लिहिलेलं नसतं. जठराच्या अस्तरात हेच हिस्टामिन पाझरतं, तेव्हा तिथल्या पेशी आम्ल सोडतात. मेंदूत ते आपल्याला जागं ठेवतं. सोसायटीत शिट्टी वाजली की कुणी कचऱ्याचा डबा घेऊन धावतं, कुणी आडवी लावलेली गाडी काढायला, त्यातलाच प्रकार. पेशींचे कान म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरची ग्राही प्रथिनं. हिस्टामिन ऐकणारे असे कान चार तऱ्हांचे.

हिस्टामिनचा कान बंद करणाऱ्या, खाजेवरच्या जुन्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल काही कमी होईना, तेव्हा तिथला कान निराळा असणार हे ताडून औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक कामाला लागले. त्यातून जठरातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडिन हे औषध आलं आणि १९८८ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा पडला. म्हणून अंगावर पित्त उठलं तर गोळी एक आणि छातीत जळजळलं तर दुसरी.

सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन घेतलं की डोळे मिटायला लागतात, कारण ते मेंदूत शिरून तिथलेही कान बंद करतं. सेटिरिझिन मेंदूत फारसं जात नाही, झोपही त्या मानाने कमी येते. तरी आमच्याकडे ती गोळी रात्रीच घ्यायची, आणि सकाळी उठायला उशीर झाला की खापर तिच्यावर फोडायचं.