टेकडीवरच्या नोंदी: तिसऱ्या खेपेला ८.५

उंचीबरोबर हवा किती गार होते, त्याचा अखेर पटण्यासारखा आकडा हाती आला. पायथ्यापासून माथा ६२० मीटर उंच. दुपारी अडीचला खाली ३१.४ अंश, त्याच मिनिटाला वर २६.१. किलोमीटरमागे साधारण ८.५ अंशांची घट.

पहिल्या खेपेला एकच लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र) घेऊन सकाळी चढलो होतो. चढायला दीड तास, तेवढ्यात ऊन वाढलं. उंचीचा फरक मोजतोय की वेळेचा, तेच कळेना. (लॉगर खिशात होता, हे सांगायलाही लाज वाटते.) मग दुसरा लॉगर जोडला. दोन्ही रात्रभर शेजारी ठेवून जुळवले, ०.३ अंशांचा फरक निघाला, तो वजा करतो.

दुसरी खेप पहाटेची. खाली १७.८, वर १९.६! सेन्सर बिघडला म्हणून तो उघडूनही बसलो. तो ठणठणीत होता. निरभ्र रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि जड झाल्यामुळे उतारावरून ओघळून पायथ्याशी साचते. तापमानाची विपरीतता ती हीच.

एरवी उंचावर गार का, तर ‘विरळ हवेत उष्णता टिकत नाही’ असं मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. पण वीसेक किलोमीटरच्या वर हवा आणखी विरळ असूनही तापमान वाढत जातं, कारण तिथला ओझोन अतिनील किरण शोषतो. मग खाली काय घडतं? ऊन बरंचसं हवेतून आरपार जाऊन जमीन तापवतं आणि हवा खालून तापते. तापलेली हवा वर चढते. वर दाब कमी (माझ्याकडे खाली ९८४, वर ९१७ हेक्टोपास्कल), म्हणून ती फुगते. फुगताना भोवतालची हवा रेटावी लागते, आणि ते काम ती पदरची ऊर्जा खर्चून करते, म्हणून गार होते. कोरड्या हवेसाठी हिशेब सोपा: गुरुत्वत्वरण भागिले विशिष्ट उष्णता (एक किलो हवा एक अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा), किलोमीटरमागे ९.८ अंश.

माझे ८.५ का? माथ्यावरची जमीनही तापते. तिथली हवा म्हणजे मोकळ्या आकाशातली हवा नव्हे.

पुढची खेप माथा ढगात असेल तेव्हा. बाष्पाचे थेंब होताना त्यात दडलेली उष्णता (सुप्त उष्णता) सुटते, त्यामुळे ढगातली घट बरीच कमी असते, उबदार हवेत ४-५ अंशांच्या आसपास. सेन्सर भिजू न देता त्याला वारा कसा लागू द्यायचा, तेवढं मात्र अजून जमलेलं नाही.