बायबलच्या परीक्षेतला दुसरा नंबर

शाळेत बायबलच्या परीक्षेत माझा पहिला नंबर ठरलेला असायचा. घरात पाळकसाहेबांचं येणंजाणं, आईचं रोजचं शास्त्रवाचन, त्यात बोर्डिंगमध्ये सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि तीपण हजेरीसकट, त्यामुळे दहा आज्ञा काय नि डोंगरावरील प्रवचन काय, झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधड सांगायचो. नववीत मात्र पहिला नंबर गेला वर्गातल्याच एका मित्राकडे, ज्याच्या घरी दहा दिवस गणपती बसायचा आणि ज्याला आम्हा बोर्डिंगवाल्यांपेक्षा जास्त गीतं पाठ होती (आवाजही चांगला होता त्याचा, नाताळच्या प्रोग्रॅमला कायम पुढच्या रांगेत). मी फुगून बसलो. बाईंनी ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला शंभरपैकी शंभर पडले, म्हणून हा ख्रिस्ती झाला का रे? नाही ना? मग तू कशावरून?"

वर्ग हसला. मीपण हसलो, दुसरं काय करणार.

बाई प्रश्न टाकून सोडून देणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या तासाला त्यांनी पंडिता रमाबाई काढल्या. रमाबाई आम्हाला माहीत होत्या त्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे, म्हणजे त्यांनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या संस्थेमुळे (केडगाव म्हणजे आपलं नगरचं नव्हे हां, दौंडजवळचं). १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी लेकीसकट, मनोरमेसकट, बाप्तिस्मा घेतला, त्यापायी इकडच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नंतर अमेरिका पालथी घातली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं सगळं झालेलं. आणि हीच बाई पुढे १९०७ साली स्वतःच्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, लिहिते, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता! बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याला निमित्त झालं ते एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन, जो पाळक आधी झाला आणि त्याचा विश्वास मागाहून जागा झाला. म्हणजे पाळकसुद्धा यातून सुटत नाही. संस्कृत कोळून प्यायलेली, घरदार-समाज सगळं पणाला लावलेली बाई जर असं म्हणते तर आमच्यासारख्या बोर्डिंगच्या हजेरीवर ख्रिस्ती झालेल्यांचं काय, हा विचार तेव्हा मला नीटसा मांडता आला नाही, पण टोचला जबरदस्त.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला विचारलं, आपण ख्रिस्ती कसे झालो? आजीने आडपडदा ठेवला नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात पणजोबा मिशनच्या कामावर आले, तिथं धान्य मिळत होतं म्हणून. गावात लोक तोंडावर म्हणायचे, पोटासाठी बाटला. आजी म्हणाली, "पोटासाठीच आले व्हते. पण पाऊस झाल्यावं बाकीचे गेले, ह्ये गेले न्हाईत." पाणवठ्यावर त्रास, लग्नाला कोणी बोलवेना, आणि मिशनकडून मिळण्यासारखंही फारसं काही उरलं नव्हतं, तरी हा माणूस दर रविवारी पायी चालत उपासनेला जायचा. अक्षरओळख नव्हती. एकही वचन धड पाठ नव्हतं म्हणे, दाविदाची स्तोत्रं आणि नीतिसूत्रं यांची सरमिसळ करायचा.

आता यात खरा कोण? आपल्याकडे दुष्काळात आलेल्यांना हलकं समजायची एक खोड आहे, बाहेरच्यांना आहे तशी आपल्या मंडळीतल्या जुन्या घराण्यांनापण आहे, आणि मला ती मुळीच पटत नाही. कशासाठी आला यापेक्षा का थांबला हे बघावं. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा ना, नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांचा १९००चा. नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत, मधली वर्षं भांडल्या, रडल्या, वेगळ्या राहिल्या आणि स्वतःला पटलं तेव्हाच आल्या. आणि खुद्द ना. वा. टिळक? बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, १९१७ मध्ये, मिशनचा पगार सोडून मोकळे झाले. पगारासाठी आहेस की प्रभूसाठी, असं आपल्याला कोणी विचारलं तर आपण आधी पीएफचा हिशोब करू.

याउलट कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभांत, हात वर करून ढसाढसा रडणारे मी पुष्कळ बघितले, एकदोनदा मीपण रडलोय, छान वाटतं, पण सोमवारी ऑफिसात त्याचा काय उपयोग होतो ते काही सांगता येत नाही. बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब तर सरळ म्हणतो की देव एकच आहे हे भुतंपण मानतात आणि थरथर कापतात. मला विचाराल तर माझी कसोटी फार साधी आहे. भावाशी बांधावरून वाद चालू होता तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" या ओळीला माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. बाजूच्या माणसाला कळत नसेल, मला कळायचं. बांध अजून तिथंच आहे, वाद बराचसा मिटलाय, आवाज कधी निघतो कधी नाही.

बायबलातल्या पत्रात पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या मंडळीला, विश्वासाची परीक्षा करा म्हटलं ते स्वतःची करा असं, शेजारच्याची नव्हे, हे चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पास्टरेट कमिटीत कोणीतरी मोठ्या अक्षरात लावायला हवं. तिथं कोण खरा विश्वासी आणि कोण नावाचा, यावर इलेक्शनच्या आधी जेवढी चर्चा होते तेवढी वर्षभर होत नाही!

सध्या मी पुण्यात आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग घेतो (लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करतात तो विधी, बिशपच्या हातून होतो), पंधरा-सोळाची पोरं. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, पाठ करून घेतो, ते हवंच, पण त्याला मार्क देत नाही. मागच्या रविवारी एकाने विचारलं, "अंकल, सगळं पाठ आहे, पण मला खरंच विश्वास आहे का तेच कळत नाही, मग मी दृढीकरणाचा फॉर्म भरू का?" मी त्याला रमाबाईंची ती आठ वर्षं सांगितली, पणजोबापण सांगितले. तो म्हणाला आठ वर्षं म्हणजे फार झाली. म्हटलं, असू दे, तू येत जा आणि विचारत जा. बिशपसाहेब पुढच्या महिन्यात येणारेत, फॉर्म अजून त्याच्याकडेच आहे.