आईची तीन चॅनल आणि डिशचं बिल

पतसंस्थेत कर्जखात्यांचं व्याज तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. घरच्यांना त्याचा जाच होतो, पण सवय काही जात नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या डिशचं रिचार्ज मारायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "सर, आता चारशे वीस." आदल्या महिन्यात ३८९ होते. कशाचे वाढले म्हटलं तर "पॅक वाढला." पॅकमध्ये आहे काय? "सगळं आहे ना सर!"

सगळं म्हणजे काय ते बघायला रात्री आई झोपल्यावर रिमोट घेऊन बसलो. तमिळ कार्टून, शेअर बाजार, भोजपुरी गाणी, हार-बांगड्या विकणारी बाई, इंग्रजीत बोलणारे सिंह, प्रवचनं आणि मग पुन्हा भोजपुरी. लग्नाच्या आहेरात येणाऱ्या स्टीलच्या वाट्यांसारखी ही चॅनल, कुणी मागितलेली नसतात पण घरात येऊन पडतात. आमच्याकडे कोण काय बघतं ते उघड आहे. सांजवात झाली की आई टीव्हीसमोर बसते ती साडेदहापर्यंत. स्टार प्रवाह, झी मराठी आणि तिथे जाहिराती लागल्या की कलर्स मराठी. सकाळी सह्याद्री, बातम्यांना एबीपी माझा. मी क्रिकेट बघतो, तेही भारताचं असलं तर. बायकोचं सगळं फोनवर. म्हणजे पैसे मोजावेत अशी चॅनल तीन. सह्याद्री आणि एबीपी माझा ही फुकटातली.

मग बिल उलगडलं. त्याचे दोन भाग असतात. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

पहिला भाग एनसीएफ, म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी, चॅनल घरापर्यंत पोचवायचा महिन्याचा आकार. १ फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचा, म्हणजे फोन आणि टीव्ही कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नवा दर आदेश लागू झाला तेव्हा हे नाव लोकांच्या कानावर आलं. त्याआधी कंपनी पॅक बांधायची आणि आपण तिचा आकडा भरायचो. नंतर प्रत्येक चॅनलची किंमत जाहीर झाली आणि "तुमचं तुम्ही निवडा" असं सांगितलं गेलं. निवडायची मुदत वाढवत ३१ मार्चपर्यंत नेली, तरी निम्म्या लोकांनी काहीच निवडलं नाही असा माझा अंदाज. त्यांना कंपन्यांनी आपल्या मनाने पॅक लावून दिले, आणि आईचा ३८९ चा पॅक त्याच वंशातला. एनसीएफ तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये होती, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३.४०. त्यात १०० चॅनल बसायची, २०२० पासून २०० बसू लागली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० ची मर्यादाच काढून टाकली, आता कंपनी जाहीर करेल तो दर. आमच्या बॉक्सवर अजून १३० च आहे, पण उद्या वाढली तर "नियमात नाही" असं म्हणायची सोय उरलेली नाही.

याचा अर्थ असा की पैशाचं एकही चॅनल न घेता, नुसतं सह्याद्री आणि बातम्या बघायच्या म्हटल्या तरी खासगी डिशवर दीडशे रुपये जातातच. आईच्या तीन चॅनलपुरता हिशेब केला तर सगळ्यात मोठा आकडा हाच निघाला. मालिकांवर खापर फोडण्यात काही अर्थ नव्हता.

दुसरा भाग चॅनलची किंमत. ती बॉक्सवर ९९९ नंबर लावला की दिसते, कंपनीच्या ॲपवरही दिसते. फक्त जीएसटी आपला आपण मिळवायचा. १९ रुपयांचा एक नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पण अर्धाच. १९ ही प्रत्येक चॅनलच्या किमतीवरची मर्यादा नाही. १९ च्या वर किंमत असलेलं चॅनल बुकेत, म्हणजे एकत्र बांधून विकायच्या चॅनलच्या गठ्ठ्यात, घालता येत नाही, एवढाच तो नियम. पण बुकेत बसायचं म्हणून बहुतेक मोठी चॅनल १९ च्या आत राहतात. आईची तिन्ही चॅनल अगदी १९ ची धरली तरी झाले ५७, जीएसटी धरून ६७.२६. त्यात १५३.४० मिळवले की २२०.६६. दुकानदाराच्या ४२० मधून वजा केले तर महिन्याला १९९.३४ आणि वर्षाला २,३९२ रुपये सुटतात. तेही जास्तीत जास्त किंमत धरून.

मात्र सुटी चॅनल नेहमीच स्वस्त पडतात असं नाही, आणि "पॅक टाका, सुटं घ्या" असं सांगणारे व्हिडिओ इथेच गप्प बसतात. ब्रॉडकास्टरला, म्हणजे चॅनलच्या मालक कंपनीला, आपल्या बुकेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. समजा एकाच कंपनीची तुम्हाला हवी असलेली तीन चॅनल १९ ची आहेत आणि बुकेत आणखी आठ-दहा भुरटी घालून सगळ्यांची बेरीज शंभर झाली. सूट धरून तो बुके ५५ ला मिळू शकतो आणि तुमची सुटी तीन पडतात ५७ ला. तेव्हा बुके घ्यावा, वाट्यांसकट. पण आईची चॅनल वेगवेगळ्या कंपन्यांची असल्याने वेगवेगळे बुके घ्यावे लागले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि कलर्सवाले एकत्र आले, त्यामुळे प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच मालकाची. त्यांचा मराठी बुके आणि दोन सुटी चॅनल यांत काही रुपयांचाच फरक पडत होता, आणि बुकेत प्रवाह पिक्चर येत होतं. आईला दुपारी सिनेमा लागतो, म्हणून तो घेतला. झी मराठी सुटं. एकूण बिल दोनशे तीसच्या आत आलं.

हे सगळं ॲपवर करता येतं, पण "तुमच्यासाठी खास" असल्या पाट्यांखाली स्वतःचा पॅक बनवायचं बटण इतकं खोल पुरलेलं असतं की ते सापडू नये अशीच कुणाची तरी इच्छा असावी. दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "अरे, ती नाचाची गाणी लागायची ती ठेवलीयस ना?" म्हणजे भोजपुरी. ती फुकटातली निघाली, आहेत अजून. आई ते बघते हे मला माहीतच नव्हतं.

एचडीबद्दल फार लिहीत नाही. बॉक्स वेगळा लागतो, चॅनलची किंमत बहुधा जास्त असते, आणि एनसीएफच्या मोजणीत एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलइतकी जागा खातं. आईचा टीव्ही बत्तीस इंची, तिला मालिकेतल्या सुनेच्या साडीचा काठ दिसला की पुरे.

क्रिकेटची गंमत मात्र ऐकण्यासारखी आहे. भारताचा सामना डीडी स्पोर्ट्सवर आहे असं वाचून तुम्ही खासगी डिशवर ते चॅनल लावता आणि तिथे दुसरंच काहीतरी चालू असतं. बॉक्स बिघडलेला नसतो. २००७ च्या कायद्याने हक्क घेतलेल्या कंपनीने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं असतं. पण ते दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि आपल्याच फुकटच्या डिशवरून, म्हणजे फ्री डिशवरून, दाखवायचं, खासगी केबल आणि डिशवर जाऊ द्यायचं नाही, असा निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामुळे महिन्याला पैसे भरणारा मी सामन्यासाठी स्टार स्पोर्ट्सचे वेगळे पैसे मोजतो आणि गुहागरकडच्या वाडीतले आमचे काका फुकट बघतात.

काकांचं घर गणपती आणि शिमग्याला भरतं, एरवी ते आणि काकू दोघंच. त्यांच्याकडे डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याचा आकार शून्य. ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. तिथे पैशाचा ओघ उलटा, खासगी चॅनलवालेच लिलावात बोली लावून जागा घेतात. प्रेक्षकाला हे सोयीचं, पण लिलावात एखाद्याने बोलीच लावली नाही तर ते चॅनल एप्रिलमध्ये गुपचूप नाहीसं होतं. २०२२ च्या १ एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल ही चारही गेली, तेव्हा काकू आमच्याकडे फोन करून भांडली होती, जणू मीच काढली. मोठ्या मराठी मालिकांची चॅनल तिथे मिळत नाहीत. सह्याद्री आहे, हिंदी सिनेमे भरपूर, आणि एखाददुसरं मराठी चॅनल येतं-जातं. आणखी एक, चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमपेग-२ च्या बॉक्सवर नव्या एमपेग-४ पद्धतीतली चॅनल दिसत नाहीत. दुकानात स्वस्तातला जुना बॉक्स गळ्यात मारतात, तेव्हा हे विचारून घ्यावं.

आता बिलात कधीच न दिसणारा खर्च. आमच्या चिपळुणात तो बिलाच्या बरोबरीला येतो.

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. आपल्याकडच्या सगळ्या कंपन्यांचे उपग्रह आपल्या पूर्वेला, म्हणून गावातल्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, कुणी दक्षिणेकडे जास्त झुकलेली, कुणी पूर्वेकडे. लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, त्यामुळे जाड थेंबांचा पाऊस त्या खाऊन टाकतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत ऐन मालिकेच्या वेळेला पडदा निळा होतो, त्यावर इलाज नाही. असे गेलेले दिवस कुणी परत देत नाही, कारण डिशचे पैसे रोजच्या हिशेबाने कापले जातात, तुम्ही बघा नाहीतर नका बघू.

पाऊस गेल्यावरही चित्र आलं नाही तर मात्र दोन संशयित असतात, माड आणि वानर. माडाची नवी झावळी वर्षभरात छत्रीच्या नजरेसमोर येते, आणि ओली असली की सिग्नल अडवते. वानरांचं तंत्र वेगळं. आमच्या गच्चीवरून शेजारच्या फणसावर उडी मारायला त्यांना छत्रीची कड सोयीची पडते. एक मोठा हुप्प्या तिच्यावर रेलून बसतो आणि छत्री जेमतेम बोटभर सरकते. तेवढं पुरतं. कंपनीचा माणूस बोलावला की भेटीचे पैसे, दोनदा आला की आईच्या एका महिन्याच्या मालिकांचे पैसे गेले. म्हणून आता मी स्वतः चढतो. पाना घेऊन मागचा नट अर्धा सैल करायचा, छत्री केसभर डावीकडे न्यायची आणि थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. बहुतेकांचं इथेच चुकतं, ते हलवतच राहतात. खाली बायको सेटिंगमधला क्वालिटीचा आकडा ओरडून सांगते. "अहो, बासष्ट! गेला! आता शून्य!" स्ट्रेंग्थच्या आकड्याकडे बघायचंच नाही, तो छत्री नारळाकडे रोखली तरी ऐंशी दाखवतो. खरा आकडा क्वालिटीचा. शेवटी छत्रीच्या खांबाला काटेरी तारेचे वेढे दिले. हुप्प्या आता शेजाऱ्यांच्या छत्रीवर बसतो.

मग केबल का नाही? होती की. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीतली केबलची लाईन पार गेली, आणि ती पुन्हा जोडली जाईपर्यंत आईला दम नव्हता. केबललाही एनसीएफ लागतेच, नियम तोच. पण तक्रार करायला समोर माणूस असतो आणि पावसात चित्र टिकतं. ज्यांच्या आळीत केबलवाला चांगला आहे त्यांनी उगाच छत्री बसवू नये असं माझं मत आहे.

आता प्रश्न आतल्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीचा आहे. सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला येतायत आणि आईच्या वेळेत त्यांना बातम्या लागतात. २०२० च्या नियमात त्याच घरातल्या जादा टीव्हीला एनसीएफ ४० टक्क्यांपर्यंतच घेता येत होती, म्हणजे ५२ रुपये, जीएसटी धरून ६१.३६. आता कंपनीला विचारलं तर रोज वेगळा माणूस फोन उचलतो आणि वेगळा आकडा सांगतो. त्यापेक्षा सासऱ्यांना फ्री डिश लावून द्यावी असं ठरतंय. बातम्या फुकट, भारताचा सामनाही फुकट. तिचा उपग्रह वेगळा असल्याने छत्री मात्र दुसरी लागेल, आणि गच्चीवर जागा नाही. आतल्या खोलीच्या गॅलरीतून आग्नेय मोकळी दिसते का, ते रविवारी बघतो.