आमची वाटचाल : एक्केचाळीस पट्ट्या

२०१२ साली नाशिकच्या सातपूरला एका खोलीत, दोन कॉम्प्युटरवर सुरुवात केली. कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला किती पैसे द्यायचे त्या पावतीचं, वेब सॉफ्टवेअर, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. चार वर्षं बिनतक्रार चाललं.

जानेवारी २०१७. लाल कांद्याची आवक जोरात, आणि आम्ही सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. नोंदी साठवणारं आमचं जुनं मायएसक्यूएल ५.६ रकान्यापेक्षा लांब नाव आलं की शेपूट कापून ठेवून घ्यायचं. नव्या ५.७ मध्ये स्ट्रिक्ट मोड, म्हणजे काटेकोर तपासणी, मुळातच चालू, ते अशी नोंद घेतच नाही. तसा एरर त्यानं दिलाही होता. पण एरर आला तर काय करायचं ते लिहायची जागा, म्हणजे कॅच ब्लॉक, आमची रिकामी, आणि त्याखालची ओळ हिरव्या अक्षरांत सांगत होती, ‘पट्टी सेव्ह झाली’. तीन दिवसांत ४१ पट्ट्या गेल्या, सगळ्या गावासकट लांब नावं लिहिलेल्या. पिंपळगाव बसवंतच्या खळ्यावर, व्यापाऱ्याच्या कांदा उतरवायच्या आवारात, शेतकरी पैशाला उभा आणि स्क्रीनवर त्याचं नावच नाही!

त्याच आठवड्यात एक प्रतिस्पर्धी खळ्याखळ्यावर सांगत फिरला, ‘यांचं सॉफ्टवेअर पैसे खातं.’ चूक आमचीच होती. पण कुणाचा रुपयाही बुडाला नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नऊपैकी पाच गिऱ्हाइकं गेली. ते शब्द अजून सलतात.

आमचे एक गिऱ्हाईक, पिंपळगावचे काका, मात्र थांबले. काट्याच्या पावत्या ते तारेला खोवून ठेवायचे. ती तार टेबलावर ठेवून म्हणाले, ‘मी वाचतो, तू घाल.’ पहाटे साडेतीनला शेवटची पट्टी जुळली. काकूंनी दोनदा चहा पाठवला होता.

नंतर महिनाभर नवं काम घेतलं नाही. सगळे एरर एकाच हँडलरकडे, म्हणजे एरर हाताळणाऱ्या कोडकडे, वळवले. पट्टी, हमाली, तोलाई एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. एक अडलं की सगळं रोलबॅक, म्हणजे काहीच सेव्ह नाही. मुनीमजींना साध्या मराठीत ‘पट्टी सेव्ह झाली नाही’ आणि एक नंबर. त्याच नंबरनं लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, पूर्ण ट्रेस, म्हणजे एरर कुठून आला त्याचा माग. या धंद्यात नवीन असाल तर एवढं कराच: एररच्या पानाला २०० (‘ठीक’) नव्हे, ५०० (‘सर्व्हरवर बिघाड’) कोड द्या, नाहीतर साइटवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरला सगळं आलबेल दिसतं. लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स, म्हणजे एररचा तपशील स्क्रीनवर दाखवणं, बंद ठेवा. आणि शेतकऱ्याचा खातेनंबर लॉगमध्ये कधीही लिहू नका.

गेलेल्या पाचांपैकी दोघं परत आले. तिघांना मी दर दिवाळीला फोन करतो.