बोअरचं पाणी घेऊन लाहौलला

आमच्या सोलापूरवरून जाणारा 52 नंबरचा हायवे उत्तरेला थेट पंजाबात संगरूरला जाऊन संपतो, हे कळल्यापासून अण्णांच्या डोक्यात बर्फ शिरला होता. जानेवारीत हिमाचलातल्या लाहौल खोऱ्याकडे निघालो. मी, बायको, सत्तरीतले अण्णा आणि आठ वर्षं वापरलेली डिझेल गाडी. स्वेटर, कानटोप्या, हातमोजे सगळं घेतलं. गाडीसाठी काहीच नाही. तिलाही थंडी वाजते हे सोलापुरात कुणाला सुचणार?

धुळे, इंदूर, कोटा, जयपूर हा टप्पा सरळ पार पडला. कडक भाकरी आणि शेंगा चटणी जयपूरपर्यंत पुरली. हिसारच्या अलीकडे मात्र असं धुकं लागलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून वीसच्या वेगाने तीन तास काढले. खरं सांगायचं तर अख्ख्या प्रवासात मला भीती वाटली ती इथे, बर्फात नाही.

संगरूरहून किरतपूर, बिलासपूर करत मंडीला पोचलो. ब्रेक तपासायला एका गॅरेजवर थांबलो. इंजिन निवल्यावर मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवून चोळून पाहिलं आणि विचारलं, "पानी है?"

"पाणीच की," अण्णा अभिमानाने म्हणाले. "बोअरचं. दर रविवारी घालतो."

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. रेडिएटर फुटतो, नशीब खोटं असेल तर इंजिनचा ब्लॉकही. सोलापुरात आठ वर्षं चाललेली गोष्ट वर एका रात्रीत गाडी संपवू शकली असती. त्याने सगळं धुऊन काढलं (विटकरी रंगाचा गाळ निघाला) आणि निम्मं पाणी गोठू न देणारं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. काचेवर फवारायच्या टाकीतलं पाणीही काढून टाकलं. वर रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, असंही बजावलं.

मनालीच्या पुढे पलचानला, बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून, भाड्याने साखळ्या घेतल्या. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून साखळ्या पुढच्या चाकांना. पहिल्यांदा बसवायला पाऊण तास लागला, बोटं बधिर झाली. बर्फात दुसऱ्या गियरमध्ये निघायचं, ब्रेकला शक्यतो हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, उतारावर गियरनेच वेग धरायचा. साखळ्या कोरड्या डांबरावर तुटतात, म्हणून अटल बोगद्याच्या तोंडाशी काढाव्या लागल्या. नऊ किलोमीटरच्या पिवळट उजेडातून बाहेर पडलो आणि लाहौलचा पांढरेपणा डोळ्यांवर असा आला की अण्णांनी चष्मा काढून पुसला. काचेवर काही नव्हतं.

मुक्काम सिस्सूला. रात्री अण्णांनी घरून आणलेली सोलापुरी चादर गाडीच्या पुढच्या काचेवर पसरली. कल्पना चांगली होती, पण चादर ओलसर होती. सकाळी ती पापडासारखी कडक होऊन काचेला चिकटली होती.

आणि गाडी सुरू होईना. बॅटरी ठीक, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन दोनदा खोकून गप्प. होमस्टेचे मालक हसले. "नीचे का तेल भरके लाए हो?" टाकी मी संगरूरला काठोकाठ भरली होती, शहाणपणा म्हणून. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर चोंदतो. याच कारणासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाख, काझा, केलांगसारख्या भागांसाठी उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलं. केलांग तर तिथून पुढेच. अर्धी टाकी घेऊन आलो असतो तर तिकडचं भरता आलं असतं. मालकांनी फिल्टरभोवती फडकं गुंडाळून त्यावर किटलीने गरम पाणी ओतलं, उन्हं येईपर्यंत चहा पाजला. दहाच्या सुमाराला गाडी धूर सोडत सुरू झाली. तोवर चादरही सुटली.

सोलापुरात परतल्यावर पहिल्या रविवारी अण्णा सवयीने बोअरचं पाणी भरलेली बादली घेऊन गाडीपाशी गेले. बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, पुन्हा लावलं. बादली तुळशीपाशी रिकामी केली.